सेंट क्रॉय : अ‍ॅनली बेची कुंडं आणि बाबांचं भरतीचं गणित

खाडीकाठची

गेल्या महिन्यात सेंट क्रॉयला आठ दिवस राहून आलो. मी, नवरा आणि गुहागरहून आलेले माझे बाबा. इथले जुने धागे चाळले तर कॅनकून, बहामा, अरुबा सगळं सापडलं, सेंट क्रॉयवर मात्र काहीच नाही, म्हणून लिहितेय. अख्ख्या बेटाचं वर्णन करत बसत नाही. एकाच वाटेबद्दल लिहिते, कारण तिथे आमचा अंदाज चुकला आणि तो नेमका कुठे चुकला हे कळायला वेळ गेला.

कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकन व्हर्जिन बेटांतलं हे सगळ्यात मोठं बेट. वायव्येचा कोपरा डोंगराळ आहे. डोंगर म्हणजे आपल्या हिशेबाने टेकड्याच, सगळ्यात उंच माउंट ईगल ३५५ मीटर. या टेकड्यांच्या उत्तर उतारावर, समुद्राच्या अंगाला, अ‍ॅनली बे नावाचा दगडगोट्यांचा लहानसा किनारा आहे. तिथून खडपावरून चढत-उतरत पुढे गेलं की खडकांच्या उभ्या भिंतीआड समुद्राच्या पाण्याची कुंडं लागतात. पाणी कुठे कमरेइतकं, कुठे त्याहून खोल. बाहेर लाट फुटली की भिंतीवरून पांढरा पडदा आत कोसळतो. इंटरनेटवर सगळे त्याच क्षणाचे फोटो टाकतात.

वाटेचं नाव ट्रंबुल ट्रेल. डेव्हिस बेला कॅराम्बोला रिसॉर्टपाशी सुरू होते. जायला दोन-अडीच मैल आणि तेवढंच परत. आधी चढ, मग बराच वेळ झाडीतून आडवी वाट, शेवटी किनाऱ्याकडे घसरडा उतार. राजगड-तोरणा केलेल्यांना यात काही वाटायचं नाही, पण दमटपणा कोकणातल्या मे महिन्याचा आणि वाटेत प्यायच्या पाण्याचा थेंब नाही. आम्ही तिघांत पाच लिटर नेलं होतं, परत येताना संपलं.

आता बाबांबद्दल. बाबांना भरती-ओहोटीसाठी फोन लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ हातात. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. गुहागरला लहानपणी कालवं काढायला खडपात जायचो ते याच हिशेबावर. त्या दिवशी पौष शुद्ध षष्ठी. बाबा म्हणाले, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाच्या आसपास, साडेनऊला खाली पोचू. मी फोनवर तिथलं वेळापत्रक काढलं, तर वेळ भलतीच आणि भरती-ओहोटीतला फरक आठ इंच!

"आठ इंच? ही भरती की बादली हिंदकळली?" – इति बाबा.

तरी आम्ही फोनवरची ओहोटीची वेळ गाठून गेलो. डोक्यात पक्कं बसलेलं की ओहोटीला खडप सुरक्षित. खाली पोचलो तर ऊन लखलखीत, वारा नावाला, समुद्र लांबून बघितला तर तेलासारखा. नवरा बूट बदलून निघालासुद्धा. बाबा मात्र एका दगडावर बसले ते उठेचनात. म्हणाले, वीस मिनिटं बघू दे. मला राग आला होता, खरं सांगते. एवढं चालून यायचं आणि बसून काय राहायचं?

दहा-बारा मिनिटं काहीच झालं नाही. लहान लाटा यायच्या, खडकावर थाप मारून परत जायच्या. नवरा पहिल्या कुंडापर्यंत पोचला, आधीच आत असलेल्या तीन पोरांशी गप्पा मारायला लागला. आणि मग एकामागोमाग चार लाटा आल्या. वादळी वगैरे नाही. नुसतं पाणी वर आलं, वर येतच राहिलं, भिंत बुडाली आणि कुंडातली माणसं साबणाच्या वडीसारखी पलीकडच्या खडकावर सरकली. एका पोराची पाठ सोलवटली. नवऱ्याने आधारासाठी हात टेकला तो नेमका सी अर्चिनच्या काट्यांवर. अकरा काटे तळहातात. दोन दिवस गरम पाण्यात हात बुडवून बसला होता.

बाबा एवढंच म्हणाले, "ओहोटी आहे ना? मग पाणी कुणाचं?"

उत्तर मिळालं आमच्या घरमालकीणबाईंकडून. साठीची क्रुशियन बाई (बेटावरची माणसं स्वतःला क्रुशियन म्हणवतात). आम्ही भरतीच्या वेळा बघितल्या म्हटल्यावर तिने कपाळावर हात मारला. इथे भरती बघायचीच नाही, म्हणाली. उत्तरेला, हजार मैलांवर वादळ झालं की दोन-तीन दिवसांनी त्याच्या लाटा इथे पोचतात. तेव्हा बेटावर ऊन असतं, वारा नसतो आणि पर्यटक मरतात. तिने नॅशनल वेदर सर्व्हिसच्या सान हुआन कार्यालयाचा अंदाज उघडून दाखवला. लाटेची उंची पाच फूट, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं १३ सेकंद, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ. ते तेरा बघ, म्हणाली.

पाच दिवसांनी तो आकडा सातवर आला, उंची दोन फुटांवर. पुन्हा गेलो. बाबा पुन्हा वीस मिनिटं बसले. या वेळी मीही शेजारी बसले. मग उठले आणि स्वतःच पुढे झाले. कुंडात दोन तास होतो. पाणी इतकं नितळ की तळाशी शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे मोजता येत होते, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे पायाला टोचे मारत होते. ६९ वर्षांचे बाबा पाठीवर तरंगत होते. त्या वेळी भरती होती म्हणे, आठ इंचांची.

मिरचीपूड

वाह! फोटो टाक ना. आणि बाबांना नमस्कार सांग.

कडेकपारी

मस्त लिहिलंय. बूट कोणते? आमच्याकडे ट्रेकचे जाडे बूट आहेत, पण ओल्या खडकावर ते घसरतात असा अनुभव आहे. आणि ६९ वर्षांच्या माणसाला खडपाचा टप्पा झेपतो का? माझे सासरे मे महिन्यात येणारेत.

खाडीकाठची

@मिरचीपूड, फोटो चढत नाहीयेत, रात्री बघते.

@कडेकपारी, वाटेसाठी साधे चालायचे बूट. खडपासाठी रबरी तळव्याचे, पाण्यात चालणारे वेगळे. चपला-सँडल नकोतच, अर्चिन कपारी-कपारीत आहेत. बाबांचं म्हणाल तर ते जन्मभर खडपात चाललेत, हातापायांचा तीन ठिकाणी आधार ठेवून चढायची सवय आहे. पुण्यातल्या सपाट टेकडीवर रोज फिरणाऱ्या ६९ वर्षांच्या माणसाला मी किनाऱ्यावरच बसवेन. आणि घसरलात तर उचलून न्यायला गाडी येत नाही, हे मनात असू द्या.

डोलकाठी

मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली, त्यातली बरीच कॅरिबियनमध्ये. तुमच्या घरमालकीणबाई शंभर टक्के बरोबर. थोडं कारण सांगतो.

बाबांचं गणित चुकीचं नाही, ते आपल्या किनाऱ्याचं आहे. आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या येतात, त्या चंद्राशी बांधलेल्या. मुंबईला उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की पेपरात तारखा छापून येतात. पूर्व कॅरिबियनमध्ये चंद्राची ही दुहेरी भरती जवळपास उरतच नाही. भरतीची लाट समुद्राच्या पात्रात एका बिंदूभोवती चाकासारखी फिरते आणि त्या बिंदूवर पाणी हलत नाही. असा एक बिंदू पोर्तो रिकोच्या दक्षिणेला आहे. सेंट क्रॉय त्याच्या जवळ, म्हणजे चाकाच्या आसाशेजारी बसल्यासारखं. म्हणून तिथे कशीबशी दिवसातून एक भरती, तीही फुटाच्या आत. बाबांनी म्हटलंय तसं, बादली हिंदकळली.

तेव्हा त्या कुंडांना 'टाइड पूल' म्हणतात ते नावापुरतं. तिथलं पाणी भरती भरत नाही, लाट भरते.

आता ते १३ सेकंद. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा सहा-सात सेकंदांनी येतात. आखूड, खडबडीत, दिसायला रागीट, पण अंगात दम कमी. लांबच्या वादळातून निघालेल्या लाटा प्रवासात चाळल्या जातात. लांब लाटा जास्त वेगाने पळतात, त्या पुढे निघून येतात. म्हणून बारा-चौदा सेकंदांची लाट खोल पाण्यात दिसतही नाही, समुद्र 'तेलासारखा' दिसतो. किनाऱ्याशी आली की उभी राहते. आणि या लाटा टोळीने येतात. चार-पाच मोठ्या, मग दहा-पंधरा मिनिटं शांतता. बाबांची वीस मिनिटं म्हणजे निदान एक टोळी नजरेखालून जाऊ देणं.

सेंट क्रॉयच्या उत्तर किनाऱ्याचं आणखी एक आहे. डेव्हिस बे, केन बे इथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ कड्यासारखा तुटतो. पाणबुडे तो कडा बघायला येतात. सेंट क्रॉय आणि सेंट थॉमसच्या मधलं पात्र चार हजार मीटरहून खोल आहे. आपल्याकडे लाट उथळ तळाला घासत घासत येते, जोर हरवत येते. तिथे अटलांटिकची लाट थेट खडकापाशी येऊन आपटते.

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, उत्तरेच्या लाटांचा मोसम. उन्हाळ्यात तो किनारा निवांत असतो, पण मग जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. देव दोन्ही हातांनी देत नाही.

काजूची_बी

डोलकाठीकाका, केरळात 'कल्लक्कडल' म्हणतात ते हेच ना? वारा नाही, पाऊस नाही आणि समुद्र घरात.

डोलकाठी

तेच. दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लाटा. 'चोर समुद्र' असा काहीसा अर्थ आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राकडून त्याचे इशारे येतात, आपल्या किनाऱ्यासाठीही येतात. वाचतो कोण?

सदू_पेठेतला

हे सगळं ठीक, पण दोन विमानं बदलून खळग्यात बसायला जायचं? हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर असलेच खडक, असलेच खळगे. फुकट.

खाडीकाठची

@सदू, हरिहरेश्वरचं नाव घेतलंत म्हणून सांगते, तिथेही दर काही वर्षांनी माणसं ओढली जातात. बाबांच्या ओळखीतला एक मुलगा गेला. फरक इतकाच की तिथे ओहोटी सांभाळली की बरंचसं सांभाळलं. बरंचसं म्हणतेय, सगळं नाही. अ‍ॅनलीला ती एक दोरीसुद्धा हातात नसते.

फुकटचं म्हणाल तर अ‍ॅनलीलाही तिकीट नाही. ;)

सदू_पेठेतला

हम्म. हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

मिरचीपूड

सदूभाऊंनी शब्द मागे घेतले! धागा जपून ठेवा रे.

पानगळ

वाटेवरच्या झाडांबद्दल कुणी विचारलंच नाही, तेव्हा मीच घुसतो. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो.

पहिलं, मँचिनील. किनाऱ्यालगत वाढणारं, दिसायला साधं, चकचकीत पानांचं झाड. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं आणि वासही गोड. स्पॅनिशमध्ये त्याला 'मरणाचं सफरचंद' म्हणतात. चीक कातडीला लागला तर फोड येतात. पावसात या झाडाखाली आडोशाला उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही येतात. बिब्बा उतलेला ज्यांनी बघितलाय त्यांनी तसं काहीसं समजावं, पण याचं विष जास्त. काही ठिकाणी खोडाला लाल पट्टा मारलेला असतो, सगळीकडे नसतो. अनोळखी फळ तोंडात घालायचं नाही, विषय संपला.

दुसरं, ज्या झुडपांच्या गर्दीतून ती वाट जाते त्याला तिथे 'टॅन-टॅन' म्हणतात. शेंग हातात घेतली आणि हसायला आलं. आपली सुबाभूळ! सामाजिक वनीकरणाच्या काळात आपल्याकडे डोंगरावर लावली आणि मग ती कुठेही उगवायला लागली, तीच. उसाची शेती बंद पडल्यावर बेटावरच्या रानाचा ताबा तिने घेतला.

तिसरं, सोललेल्या तांबड्या सालीचं एक झाड दिसेल. त्याला 'टूरिस्ट ट्री' म्हणतात. उन्हात लाल होऊन कातडी सोलवटलेला पर्यटक!

खाडीकाठची

अय्या, त्या झाडाखाली आम्ही डबा खाल्ला. टूरिस्टच्या, मँचिनीलच्या नाही!

आणि वाटेत मुंगूस आडवं गेलं. बाबा खूश, शकुन झाला म्हणाले. हा त्याच पहिल्या दिवशीचा शकुन बरं का, काट्यांच्या.

पानगळ

मुंगूस आपल्याकडचंच आहे! १८७२ मध्ये जमैकातल्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला भारतातून नऊ मुंगसं मागवली. तिथून ती बेटाबेटांवर गेली. गंमत म्हणजे उंदीर रात्री बाहेर पडतात आणि मुंगूस दिवसा. त्यामुळे त्याने उंदीर सोडून पक्ष्यांची, कासवांची अंडी आणि सरडे खाल्ले. सेंट क्रॉयचा म्हणून एक खास जमिनीवरचा सरडा आहे, तो मुख्य बेटावरून संपला. आता ग्रीन के, प्रोटेस्टंट के अशा मुंगूस नसलेल्या चिमुकल्या बेटांवरच टिकून आहे. शकुन कुणाला, अपशकुन कुणाला.

जुनी_वही

मुंगसांच्याही आधी माणसं गेली होती. १८६३ मध्ये कलकत्त्याहून 'मार्स' नावाच्या जहाजाने तीनशेवर भारतीय करारी मजूर सेंट क्रॉयच्या उसाच्या मळ्यांवर आणले गेले. बेट तेव्हा डेन्मार्कचं. गुलामगिरी १८४८ मध्ये संपली होती आणि मळ्यांना हात हवे होते. पाच वर्षांचा करार. हाल इतके झाले की करार संपल्यावर १८६८ मध्ये बहुतेक परत फिरले आणि तो प्रयोग तिथेच थांबला. त्रिनिदाद-सुरीनामसारखी भारतीय वस्ती सेंट क्रॉयला का नाही, त्याचं हे एक कारण. नंतर १९१७ मध्ये अमेरिकेने अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून ही बेटं डेन्मार्ककडून विकत घेतली. ३१ मार्चला अजून सुट्टी असते.

गाड्या डावीकडून चालतात ती डॅनिश काळापासूनची सवय. पण गाड्या अमेरिकन, स्टिअरिंगही डावीकडे. ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्याने बघून सांगायचं.

एच४_गृहिणी

थोडा विषयांतराचा प्रश्न. आम्ही व्हिसावर आहोत. सेंट क्रॉयला गेलं तर अमेरिकेबाहेर गेल्यासारखं होतं का? स्टॅम्पिंग (पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का) संपलंय, म्हणून भीती.

डोलकाठी

अमेरिकेचाच प्रदेश आहे, पण परत येताना तिथल्या विमानतळावर इमिग्रेशनची तपासणी असते. नागरिक नसाल तर पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद), मंजुरीचे कागद सगळं जवळ ठेवा. स्टॅम्पिंगचं मात्र तुमच्या वकिलाला विचारून घ्या, फोरमवरच्या खलाशाला नको. आणि तिथे गेल्यावर कुणी बोटीने ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर चला म्हणालं तर जाऊ नका. ते मात्र खरोखर बाहेर जाणं.

एच४_गृहिणी

खूप धन्यवाद काका. म्हणजे तो योस्ट व्हॅन डाइकचा 'बबली पूल' रद्द. :(

डोलकाठी

तो ब्रिटिश बाजूला. गंमत बघा, तिथे उलटं आहे. खडकांच्या फटीतून लाट आत घुसली की पाणी फेसाळतं, म्हणून लोक लाटा असतानाच जातात. समुद्र शांत असला तर ते नुसतं डबकं. त्यामुळे अ‍ॅनलीला जायचा दिवस बबली पूलला वाया, आणि उलटही.

ऑरेंजस्टाड

अरुबात राहतो, म्हणून इथल्या कोंची या कुंडाबद्दल दोन ओळी. आरिकोक राष्ट्रीय उद्यानात आहे, बेटाच्या वाऱ्याच्या बाजूला. ज्वालामुखी खडकाचं गोल कडं आणि आत पाणी. तिथे झाडी नाही, निवडुंग आणि तापलेली माती, सावली शून्य. चालत जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर असल्याने मोसमाची चिंता कमी, पण वारा रोजचा आणि लाटाही रोजच्या. समुद्र चढलेला असला तर उद्यानवाले आत उतरू देत नाहीत. अ‍ॅनलीला तसं कुणी अडवणारं नाही असं दिसतंय?

खाडीकाठची

नाही. ना पाटी, ना रक्षक. मोबाइलला रेंजही मधूनच. आमच्याबरोबर बाबा होते म्हणून.

राहिलेल्या दोन गोष्टी लिहून टाकते. सनस्क्रीन इथून नेताना डबी वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट किंवा ऑक्टोक्रायलीन असलेलं तिथे २०२० पासून चालत नाही, प्रवाळासाठी. झिंकवालं न्या, भुतासारखं दिसायची तयारी ठेवा. आणि बेटावर कुणाशीही बोलताना आधी 'गुड मॉर्निंग', मगच प्रश्न. मी पहिल्या दिवशी दुकानात थेट 'हे कितीला' विचारलं तर बाईंनी मला 'गुड मॉर्निंग' म्हणून उभं ठेवलं, मी उलट म्हणेपर्यंत.

काजूची_बी

खरा प्रश्न राहिलाच. खडपात खायला काय मिळतं? बाबांनी विचारलं असणारच.

खाडीकाठची

विचारलं म्हणजे! पहिलं तेच. खडकाला काळ्या-पांढऱ्या नक्षीची मुठीएवढी गोगलगाय चिकटलेली असते, तिला तिथे 'वेल्क' म्हणतात. बाबा चाकू शोधायला लागले. तेवढ्यात आठवण झाली आणि घरमालकीणबाईंना फोन लावला. त्यांनी नियम सांगितला. एप्रिल ते सप्टेंबर बंदी, इतर महिन्यांत चालतं, पण ठरावीक मापाहून लहान काढायची नाही. आणि पर्यटकांनी काढूच नये हे बरं, असं स्वतःचं एक कलम जोडलं.

संध्याकाळी त्यांनीच भातात शिजवलेली वेल्क आणून दिली. लसूण, लिंबू, लोणी. बाबांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावत राहिले, आणि म्हणाले, "ओलं खोबरं हवं होतं."